एका फळीवरची पुस्तकं

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणात विश्वासरावांना गोळी लागली. नानासाहेब पेशव्यांचा हा थोरला मुलगा, वय विशीच्या आतलं. त्यानंतर मराठी फौजेचं काय झालं हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. त्या एका दिवसाबद्दल मराठीत जे लिहिलं गेलं, त्यातल्या तीन पुस्तकांपासून हा लेख सुरू करतो.

पहिलं पुस्तक त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं. डेक्कन कॉलेजातल्या या संशोधकाने ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ आधी १९४६ साली इंग्रजीत लिहिला आणि लढाईला दोनशे वर्षं झाली त्या १९६१ साली तो मराठीत आणला. शेजवलकर कागदपत्रांवर थांबले नाहीत. पानिपतला जाऊन ती भूमी त्यांनी स्वतः पाहिली, मग पत्रं, बखरी आणि फारसी वृत्तान्त समोर ठेवून त्या दिवसाची जुळणी केली. शुजाउद्दौल्याच्या छावणीत बसून लढाई पाहणारा काशीराज पंडित काय सांगतो, भाऊसाहेबांची बखर काय सांगते, आणि दोघांचं जिथं पटत नाही तिथं जमिनीचा उतार आणि अंतरं काय म्हणतात, हे ते वाचकासमोर मांडतात. दुसरं पुस्तक विश्वास पाटलांची १९८८ची ‘पानिपत’ कादंबरी. भूक, थंडी, उपाशी जनावरं, बाजारबुणग्यांचा लोंढा आणि शेवटची घालमेल ती अंगावर आणते. शेजवलकरांचं नावही न ऐकलेल्या हजारो वाचकांना पानिपत भेटलं ते या कादंबरीतून.

तिसरं पुस्तक म्हणजे खरं तर एक कथा आहे, जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, जिथं ती गोळी विश्वासरावांना चाटून गेली आणि मराठे पानिपत जिंकले. मुंबई ओळखीची, पण सगळं बदललेलं. घाबरून न जाता हा माणूस एशियाटिकच्या ग्रंथालयात शिरतो आणि इतिहासाचे खंड काढून कुठल्या पानापासून फरक पडला ते शोधायला बसतो. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत सगळं जुळतं, मग पानिपतावर येऊन वाट फुटते. पुढे पुंजभौतिकीतली अनेक जगांची कल्पना येते, पण माझ्या मते कथेचा प्राण त्या ग्रंथालयातल्या प्रसंगात आहे. अनोळखी जगात पाऊल पडल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची, तर पुरावा पाहायचा. ही कथा इंग्रजीतून राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेली, त्यामुळे देशभरातल्या मुलांनी ती वाचली.

आता या तिन्ही पुस्तकांची ग्रंथालयातली जागा पाहा. दशांश वर्गीकरण पाळणाऱ्या ग्रंथालयात शेजवलकर ९५४वर, भारताच्या इतिहासात. पाटील आणि नारळीकर ८९१.४६वर, मराठी साहित्यात. पुंजभौतिकी सोपी करून सांगणारं पुस्तक ५००च्या रांगेत, बहुधा दुसऱ्या भिंतीला. छोट्या गावातल्या वाचनालयाची पद्धत याहून साधी असते. कादंबरी, कथा, चरित्र, धार्मिक अशी कपाटं असतात आणि विज्ञान ‘संकीर्ण’मध्ये जातं. पाककृती आणि पत्रिकेची पुस्तकंही तिथंच. तेरा वर्षांच्या मुलाने पानिपत वाचून ‘मग ती गोळी लागली नसती तर?’ असं विचारलं, तर उत्तराची तिन्ही पुस्तकं त्याला तीन कपाटांतून शोधावी लागतात. ती एकमेकांची भावंडं आहेत हे त्याला कोण सांगणार?

बारा ते सोळा या वयाच्या वाचकासाठी विज्ञान, इतिहास आणि साहसकथा एकाच फळीवर ठेवायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. या वयात मूल पऱ्यांच्या गोष्टी मागे टाकतं आणि मोठ्यांच्या कौटुंबिक कादंबरीत त्याला अजून रस नसतो. त्याला काहीतरी घडलेलं हवं असतं, ते कसं घडलं आणि खरंच घडलं का हेही हवं असतं. ही भूक एकच आहे. वर्गवारी आपण ग्रंथालयाच्या सोयीसाठी केली.

मराठी छापखान्याच्या पहिल्या पिढीत ही विभागणी नव्हती. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असे विषय त्यात शेजारी शेजारी छापले जात. खुद्द बाळशास्त्रींचं कामही असंच होतं. कुलाब्याच्या वेधशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे होती, शिलालेख आणि ताम्रपट ते वाचत होते, एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत होते, आणि १८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरी छापून काढली. पुढल्याच वर्षी ते गेले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

साहसकथा त्यानंतर आली, आणि आली ती विज्ञानाचं बोट धरून. कोचीहून कृष्णाजी नारायण आठल्ये ‘केरळकोकिळ’ नावाचं मराठी मासिक चालवत. विसावं शतक उजाडत असताना त्यातून ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठी वाचकाला क्रमशः वाचायला मिळाली. कोचीत सुरू झालेल्या मासिकातून कोकणातल्या आणि देशावरच्या घरात चंद्रावर जाण्याची गोष्ट पोचावी, हे मला आजही विलक्षण वाटतं. १९१३ साली नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली. भुयारं, कपटकारस्थानं आणि अद्भुताने ठासून भरलेल्या त्या कादंबरीवर पुढच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या. बाबूराव अर्नाळकरांनी तर रहस्यकथांची हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. काळापहाड आणि झुंजार यांच्यासाठी लोक वाचनालयात नंबर लावत. या पुस्तकांना नाकं मुरडणाऱ्या समीक्षकांशी मी सहमत नाही. वाचायची सवय लावणारं पुस्तक हलकं नसतं.

पण कुमारवयाच्या वाचकावर खरं ऋण कुणाचं असेल तर ते भा. रा. भागवतांचं. १९१० ते २००१ असं जवळपास शतकभराचं आयुष्य त्यांनी मुलांसाठी लिहिण्यात घालवलं. ‘बालमित्र’ हे मासिक चालवलं. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला काटकुळा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे, त्यांचाच. सायकल, चाणाक्षपणा आणि ‘ट्टॉक’ एवढ्या भांडवलावर तो कुठल्या कुठे पोचतो. प्रतापगडावर जातो, काश्मीरात जातो, चीनच्या युद्धाच्या काळात सीमेपर्यंत धडकतो. म्हणजे मूल साहस वाचता वाचता इतिहासात आणि भूगोलात शिरलेलं असतं, त्याच्या ध्यानातही येत नाही.

भागवतांनी व्हर्नही मराठीत आणला. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नुसती नावं वाचली तरी भाषा किती घरची आहे ते कळतं. चंद्राच्या त्या कादंबरीवर जरा थांबतो. व्हर्नने ती १८६५ साली लिहिली. तोफेतून गोळा सुटतो अमेरिकेतल्या फ्लोरिडातून, आत माणसं तीन. पुढच्या भागात ते चंद्राला वळसा घालून परत येतात आणि प्रशांत महासागरात उतरतात. डिसेंबर १९६८मध्ये अपोलो-८ फ्लोरिडातून निघालं, आत माणसं तीन, चंद्राभोवती फिरून ते प्रशांत महासागरात उतरलं. हे वाचल्यावर कुठलाही मुलगा थक्क होईल. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. व्हर्नची तोफ ९०० फूट लांब, म्हणजे साधारण २७५ मीटर. गोळ्याचा वेग सेकंदाला ११ किलोमीटरच्या आसपास. नववीच्या विज्ञानात गतीचं तिसरं समीकरण असतं, त्यात या दोन संख्या घाला. त्वरण येतं पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२,००० पट. तोफेच्या तोंडातून बाहेर पडण्याआधीच आतल्या तिघांचा चेंदामेंदा झाला असता. व्हर्नने पाण्याची गादी वगैरे योजना केली आहे, ती इथं काही उपयोगाची नाही. मग खरं रॉकेट टप्प्याटप्प्याने, मिनिटामिनिटाने वेग का वाढवत नेतं, हे त्या मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. गोष्टीतली चूक सापडल्याने गोष्ट कमी आवडते असंही नाही. उलट ती त्याची स्वतःची होते.

इतिहासाच्या बाजूनेही हेच. खरं घडलेलं साहस वाचायचं तर विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वाचावा. पेण तालुक्यातल्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा मिळणार, असं कानावर आलं म्हणून १८५७ साली तो काकांबरोबर पायी उत्तरेला निघाला. वाटेत महूच्या आसपास पोचेतो शिपायांचं बंड पेटल्याची बातमी येऊन थडकली. परत फिरणं शहाणपणाचं होतं, पण ते दोघे पुढे गेले. १८५८च्या वसंतात विष्णुभट झाशीत होता. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने घातलेला वेढा त्याने आतून पाहिला. शहर पडल्यावर झालेली कत्तल, लपण्याच्या जागा, पाण्यावाचून काढलेला काळ, हे सगळं तो साध्या, न अडखळणाऱ्या मराठीत सांगतो. कमावलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. हाताशी पैसा नाही, तरी तो काशीला गेला, गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परतला आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं.

हे त्याने लिहून काढलं १८८३च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. छापून यायला १९०७ साल उजाडलं, कारण इंग्रजांच्या राज्यात सत्तावनच्या बंडाविषयी असं लिहिणं धोक्याचं होतं. वैद्यांनी त्यात काटछाट आणि दुरुस्त्याही केल्या होत्या. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. कुमार वाचकाला हा छापण्याचा इतिहासही जरूर सांगावा. डोळ्यांनी पाहणारा माणूस, पंचवीस वर्षांनी लिहिताना त्याची स्मृती, मग संपादकाची कात्री, आणि शेवटी मूळ कागदाकडे परत जाणारा संशोधक: एका पुस्तकात इतिहासलेखनाचे इतके टप्पे दाखवणारं दुसरं उदाहरण मला मराठीत माहीत नाही. सोबत नकाशा ठेवून वरसई, महू, ग्वाल्हेर, झाशी, काळपी, काशी अशा खुणा करत वाचलं तर सुट्टीतला महिना सहज जातो.

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ बहुतेक मराठी घरांत आहेच, म्हणून त्याविषयी थोडंच. १९८१ साली आलेलं हे पुस्तक गुलामीत जन्मलेल्या, तान्हेपणी पळवून नेलेल्या आणि एका घोड्याच्या मोबदल्यात परत मिळालेल्या मुलाचं चरित्र आहे. अमेरिकेतल्या टस्कीगीला येऊन कापसाने निकस झालेली जमीन भुईमुगाने सुधारणारा हा माणूस शेतकऱ्यांच्या महाराष्ट्राला जवळचा वाटला, यात नवल नाही. त्याचा पुतळा न करता त्याने केलेल्या प्रयोगांच्या मागे वाचकाने लागावं, एवढंच म्हणेन. मुगाचं बेवड, म्हणजे आधी मूग घेतल्याचा फायदा, पुढच्या पिकाला कसं लागतं हे विदर्भातल्या आजोबांना विचारता येतं. रवींद्र गुर्जरांचं ‘सत्तर दिवस’ हेही असंच घरोघर पोचलेलं. १९७२ साली अँडीज पर्वतात विमान कोसळलं, बर्फात अडकलेल्यांपैकी सोळा जण वाचले. मन घट्ट करून वाचावं लागतं, म्हणून पंधरा-सोळाच्या वयात द्यावं, आधी नको.

नारळीकरांकडे पुन्हा यायला हवं, कारण या तिन्ही वाटा ज्यांच्या लेखनात एकत्र येतात असे ते लेखक. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ म्हणून आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये, यासाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. स्वतःच्या आद्याक्षरांचा तो उलटा क्रम. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आणि सरळ खगोलविज्ञान सांगणारं ‘आकाशाशी जडले नाते’. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेचे ते संस्थापक संचालक. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलं हाताने खेळणी करून विज्ञान शिकतात, तिला पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीचा आधार मिळाला. विनोदी लेखकाच्या पैशातून मुलांची प्रयोगशाळा उभी राहिली, ही मराठी समाजाची मोठी कमाई आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या कथांवर मोठे झालेले वाचक आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्या मुलांसाठी आज विज्ञानकथा कोण लिहितं आहे, हे पाहायला त्यांनी वाचनालयात एक फेरी मारावी.

विषयांचा तुटवडा मुळीच नाही. एक विषय सांगतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं आणि त्याची सावली भारतावरून गेली. त्या ग्रहणाशी विजयदुर्गाचं नाव जोडलं जातं. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, आणि नॉर्मन लॉकियरने हेलियमचा शोध इथंच लावला असं दर ऑगस्टला छापून येतं. कागदपत्रं वेगळं सांगतात. ग्रहणाच्या दिवशी आंध्रातल्या गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट त्याने पाहिला, आणि ग्रहण नसतानाही त्या रेषा दिसतील हे ओळखून दुसऱ्या दिवशी पाहून दाखवल्या. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने ग्रहणाशिवाय, स्वतंत्रपणे, तेच केलं. सोडियमच्या रेषांजवळची एक पिवळी रेषा कुठल्याच माहीत मूलद्रव्याची नव्हती, तीवरून हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल आणि विल्यम रॅमझे यावे लागले. जानसेन आणि लॉकियर यांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली आणि फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं.

यात काय नाही? समुद्रात उभा मराठ्यांचा किल्ला, दिवसाढवळ्या पडलेला अंधार, दोन देशांतले दोन शास्त्रज्ञ, आणि गावात दीडशे वर्षं चालत आलेली एक दंतकथा. ओट्यावर उभं राहून ‘हे खरं कशावरून?’ असं विचारणारी आठवीतली मुलगी या गोष्टीची नायिका व्हायला हवी. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव दुसरा विषय. तिथं डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी वर्षानुवर्षं उत्खनन केलं आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं खेडं मातीतून वर काढलं, चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेल्या माणसासकट. बुलढाण्यातलं लोणार तिसरा. बेसॉल्टात उल्का आदळून झालेलं पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंदीचं विवर, खारं पाणी, काठाला जुनी मंदिरं. लेखकहो, हे विषय तुमची वाट पाहत आहेत.

पुस्तकं पोचवण्याच्या बाबतीत आपण अगदी हात बांधून बसलेलो नाही. ४ मे २०१७ रोजी पाचगणीजवळचं भिलार हे पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून कल्पना घेतली, पण रूप इथलं दिलं. तिथं पुस्तकांची दुकानं आहेत, इथं लोकांनी आपली घरं उघडून दिली. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी सुमारे १५,००० पुस्तकं ठेवली. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांशेजारी कुणाच्याही ओसरीवर बसून वाचावं, पैसे पडत नाहीत. तिथंही वाङ्मयप्रकारानुसार घरं वाटलेली, इतिहास एका दारी तर बालसाहित्य दुसऱ्या. पण दोन घरांमधलं अंतर चालत जाण्याचं आहे, आणि चालताना मूल विचार करतं, म्हणून मला ते फारसं खटकत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक महाजालावर मोफत वाचता येतात. विज्ञान, इतिहास आणि साहस एका मुखपृष्ठाआड पाहायचं असेल तर ते जुने अंक उघडावेत.

खरी ताकद मात्र गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत आहे. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यभर हजारो वाचनालयं अनुदानावर उभी आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८चं आहे. यातल्या बहुतेकांत बालविभाग आहे आणि मोठ्यांचा विभाग आहे, मधल्या वयाला मात्र जागा नाही. नवी इमारत नको, नवं अनुदान नको. एक फळी मोकळी करा. दाखल क्रमांक आहेत तेच राहू द्या. शेजवलकरांच्या शेजारी नारळीकर, गोडसे भटजींच्या शेजारी फास्टर फेणे, कार्व्हरच्या शेजारी व्हर्न ठेवा आणि वर पाटी लावा : बारा ते सोळा. तुम्ही वाचनालयाचे सभासद असाल तर कार्यकारिणीला तसा अर्ज द्या. आणि या दिवाळीत घरातल्या मुलासाठी पुस्तकं घेणार असाल तर तीन घ्या, एक विज्ञानाचं, एक इतिहासाचं, एक साहसाचं, आणि तिन्ही एकाच दिवशी त्याच्या हातात द्या.